बायकांनी केलेले सिनेमे अभ्यासायला घेताना

स्त्री-दिग्दर्शकाचा सिनेमा अभ्यासाला घेतला की पहिला प्रश्न हमखास हाच येतो : ‘हा सिनेमा स्त्रीवादी आहे का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. सुरुवातीलाच विचारलात तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येतं, आणि मग सिनेमाकडे परत बघायचं कारणच उरत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे जो क्रम देते आहे, त्यात पडद्यावर काय दिसतं आणि कसं दिसतं याला पहिला मान आहे. सिद्धांत त्यानंतर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दिग्दर्शक बाई आहे एवढ्यावरून सिनेमाबद्दल काहीच ठरत नाही. नाझी पक्षाच्या मेळाव्याचा गौरव करणारा १९३५चा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ लेनी रीफेनश्टाल या बाईनेच केला होता, आणि माध्यमावर तिची विलक्षण हुकमत होती. तेव्हा बाईचं नाव दिसलं की तिथून चौकशी सुरू होते असं समजा.

१. एक सिनेमा निवडा, एक प्रश्न निवडा

‘स्त्रियांचा सिनेमा’ म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवतो. सिनेमा कोणी केला, तो कोणाबद्दल आहे, आणि तो पाहणाऱ्याला कुठे बसवतो. पहिल्या दोन लगेच लक्षात येतात. तिसरी सिनेमा-सिद्धांतकार टेरेसा द लॉरेटिस यांनी १९८०च्या दशकात ठळकपणे मांडली : समोर बसलेला प्रेक्षक पुरुष असो वा बाई, हा सिनेमा त्याच्याशी ‘तू बाई आहेस’ असं धरून बोलतो का? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कथेत सापडत नाही. ते मांडणीत शोधावं लागतं.

या तिन्हींपैकी एक निवडा. सिनेमाही एकच घ्या. एखाद्या दिग्दर्शिकेची सगळी कारकीर्द पहिल्याच फटक्यात घ्यायला जाऊ नका. शक्य असेल तर ज्या भाषेतले संवाद तुम्हाला थेट कळतात असा सिनेमा घ्या. कोण कोणाला ‘अगं’ म्हणतं, कोण ‘अहो’, कोणाचं नाव घेतलंच जात नाही, हे सगळं सबटायटलमध्ये गळून जातं. आणि घरातली सत्ता नेमकी तिथेच बसलेली असते.

बेक्डेल चाचणीबद्दल तुम्ही ऐकलं असेल : दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का? अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या एका व्यंगचित्रपट्टीतून ती आली. शेकडो सिनेमांचा एकत्र कल पाहायचा असेल तर ती उपयोगी आहे. एका सिनेमाचा अभ्यास करताना बाजूला ठेवा.

२. दोनदा पाहा, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्यांदा सलग पाहा, मध्ये थांबवू नका. कुठे कंटाळा आला, कुठे अस्वस्थ वाटलं, कुठे नजर दुसरीकडे वळवावीशी वाटली, एवढं संपल्यावर लिहून ठेवा. कंटाळा आल्याची नोंद विशेष जपा; ती पुढे कामाला येते.

दुसऱ्यांदा पाहताना पाचेक मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि शॉटवार नोंद करा. वहीचं पान आडवं धरून रकाने आखा : वेळ, कॅमेरा कुठे आहे आणि किती लांब, कोण कोणाकडे बघतंय, काय ऐकू येतंय. शेवटी एक रकाना मोकळा ठेवा : काय दाखवलेलं नाही. नवे अभ्यासक हा रकाना टाळतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाचा ऐवज त्यातच जमा होतो.

हे कसं करायचं ते बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमन यांच्या १९७५च्या ‘जान दिएलमन’वर दाखवते. आकेरमन तेव्हा पंचविशीत होत्या. छायालेखन बाबेत मांगोल्त यांचं, प्रमुख भूमिकेत देल्फिन सेरिग. ब्रसेल्समध्ये मुलासोबत राहणाऱ्या एका विधवेचे तीन दिवस, आणि लांबी तीन तासांहून जास्त. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरुणं नीट करते, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवते. दुपारी एक गिऱ्हाईक येतं, पैसे देऊन जातं. ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण ठेवते.

आता रकाने भरू. कॅमेरा स्थिर आहे, तो तिच्या मागे धावत नाही. ती भांडी घासते तेव्हा आपल्याला तिची पाठ दिसते, आणि ती भांडी संपेपर्यंत दिसत राहते. चेहऱ्याचा क्लोजअप घेऊन ‘बघा, ही किती दुःखी आहे’ असं सांगितलं जात नाही. मोकळ्या रकान्यात काय येतं? पहिल्या दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं की बेडरूमचं दार बंद होतं आणि आपण बाहेरच राहतो. फक्त कॉरिडॉरमधला उजेड बदललेला दिसतो, त्यावरून कळायचं की वेळ गेला.

म्हणजे बटाटे सोलायला लागणारा वेळ पूर्ण दाखवलाय आणि देहविक्रीचा वेळ कापलाय. नेहमीच्या सिनेमात याच्या बरोबर उलट होतं : घरकाम एका कटमध्ये उडवलं जातं आणि बाईच्या शरीरापाशी कॅमेरा रेंगाळतो. काय दाखवण्याजोगं आणि काय कापण्याजोगं, ही उतरंडच आकेरमननी उलटी केली आहे. एकाही पात्राच्या तोंडी स्त्रीवादी विधान न घालता हे झालंय.

दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहतं. केस नीट विंचरलेले नसतात. एवढ्या बारीक गोष्टींनी आपल्या पोटात गोळा येतो, कारण आदल्या दिवसाचा तो सगळा ‘कंटाळा’ आपण तिच्यासोबत काढलेला असतो. पहिल्या पाहण्यात कंटाळ्याची जी नोंद केलीत, ती आता या जागी आणून ठेवा. सिनेमा कंटाळवाणा आहे हा शेरा झाला. कोणाचं काम बघताना कंटाळा यावा अशी सवय आपल्याला कोणी लावली, हा अभ्यासाचा प्रश्न झाला.

३. नजरेचा हिशोब

ब्रिटिश सिनेमा-सिद्धांतकार लॉरा मल्व्ही यांचा ‘व्हिज्युअल प्लेझर अँड नॅरेटिव्ह सिनेमा’ हा निबंध १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकात आला. त्यात त्यांनी तीन नजरा वेगळ्या केल्या : चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची, आणि पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. प्रचलित हॉलिवूडपटात पहिल्या दोन नजरा तिसरीत लपवल्या जातात, आपण नायकाच्या डोळ्यांनी बघू लागतो, आणि बाई बघितली जाण्याची वस्तू होते, असा त्यांचा युक्तिवाद.

निबंध जरूर वाचा, पण तो कशाबद्दल आहे हे विसरू नका. त्यातली मुख्य उदाहरणं हिचकॉक आणि स्टर्नबर्ग या हॉलिवूडच्या पुरुष-दिग्दर्शकांची आहेत. तो जसाच्या तसा उचलून स्त्री-दिग्दर्शकांच्या सिनेमावर ठेवला आणि ‘इथे पुरुषी नजर नाही, म्हणून स्त्रीची नजर आहे’ असं म्हटलं, तर काही हाती लागत नाही. ‘स्त्रीची नजर’ हे शब्द मी नवख्या अभ्यासकांना काही काळ वापरूच नका असं सांगेन. त्याऐवजी प्रत्येक नजर सुटी करून बघा : या शॉटमध्ये बघणारं कोण, बघितलं जाणारं कोण, आणि ही जागा सिनेमाभर बदलते का.

आन्येस वार्दा यांचा १९६२चा ‘क्लिओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन’ या सरावासाठी उत्तम. वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट बघणारी एक गायिका. पूर्वार्धात ती सतत आरशात स्वतःला बघते, बाकीचे तिला बघतात. मध्यावर ती केसांचा टोप काढून फेकते, काळा पोशाख घालून रस्त्यावर उतरते, आणि इथून पुढे कॅमेरा तिच्या डोळ्यांनी शहर बघायला लागतो. पूर्वार्धातले आरसे मोजा, उत्तरार्धातले मोजा, आणि दोन्हीकडे आरशात कोण कसं दिसतं ते लिहा. एवढ्या नोंदीवर एक चांगला लेख उभा राहतो.

नजरेच्या चर्चेत कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांचा १९९२चा विरोधी नजरेवरचा निबंध वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गुलामगिरीच्या काळात नुसतं बघितलं म्हणूनही कृष्णवर्णीयांना शिक्षा होई, हे त्या आठवून देतात. मग पडद्यावर फक्त गोरी बाई सुंदर म्हणून मांडली जात असताना कृष्णवर्णीय बाई प्रेक्षागृहात बसून काय करत होती? ती ना त्या नायकाच्या जागी बसू शकत होती, ना त्या नायिकेच्या. मल्व्हींच्या आराखड्यात या प्रेक्षकाला जागाच नाही, ही हुक्स यांची टीका मला बिनतोड वाटते.

४. डोळे मिटून ऐका

निवडलेला प्रसंग एकदा चित्राशिवाय ऐका. आवाज कोणाचा आहे, कोणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं, निवेदन कोणाच्या तोंडी आहे, शांतता कुठे आहे. जेन कॅम्पियन यांच्या १९९३च्या ‘द पियानो’ची नायिका बोलत नाही, पण सिनेमा तिच्याच मनातल्या आवाजाने उघडतो. म्हणजे गावासाठी मुकी असलेली बाई प्रेक्षकासाठी निवेदक आहे. तिच्याबद्दल लिहिताना ‘मूक’ आणि ‘असहाय’ हे शब्द एकत्र यायला लागले की थांबा आणि सुरुवातीची ती मिनिटं परत ऐका.

५. श्रेयनामावली पूर्ण वाचा

दिग्दर्शिकेच्या नावापाशी थांबू नका. पटकथा, संकलन, छायालेखन, ध्वनी, निर्मिती : कोणाकडे काय होतं, पैसे कुठून आले, सिनेमा कुठे आणि कसा दाखवला गेला. सिनेमाचा आकार पुष्कळदा या अटींमधून येतो, आणि त्याचं श्रेय किंवा दोष आपण भलत्याच ठिकाणी टाकतो.

डॉरोथी आर्झनर यांचं उदाहरण घ्या. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या स्टुडिओ-व्यवस्थेत काम करणाऱ्या जवळजवळ एकट्या स्त्री-दिग्दर्शक. १९४०चा ‘डान्स, गर्ल, डान्स’ त्यांच्याकडे आला तो दुसऱ्या दिग्दर्शकाने सुरू केलेला प्रकल्प म्हणून. त्यात एक प्रसंग आहे : बॅले शिकलेली ज्युडी हलक्या करमणुकीच्या कार्यक्रमात हसं करून घ्यायच्या कामावर लागलेली असते. प्रेक्षक तिची हुर्यो उडवतात. एक दिवस ती नाच थांबवते, रंगमंचाच्या कडेला येते आणि त्या प्रेक्षकांना सरळ सुनावते. तुम्ही आम्हाला बघता, आता आम्हाला तुम्ही कसे दिसता ते ऐका, असा तिचा सूर.

इथवर पाहून बरेचजण टाळ्या वाजवून लेख संपवतात. पुढचा शॉट बघा. प्रेक्षागृहातली एक बाई उभी राहून टाळ्या वाजवते, हळूहळू सगळे वाजवतात, आणि ज्युडीचं ते सुनावणं हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग होऊन जातो. लगोलग रंगमंचावर दोघी नर्तकींची मारामारी, त्यातही प्रेक्षक रंगतात. सिनेमाने स्वतःचं बंड स्वतःच गिळलं म्हणायचं, की बंड कसं गिळलं जातं ते दाखवलं म्हणायचं? ब्रिटिश सिनेमा-सिद्धांतकार क्लेअर जॉन्स्टन यांनी १९७३च्या ‘विमेन्स सिनेमा अ‍ॅज काउंटर-सिनेमा’ या निबंधात आर्झनर यांच्यासारख्यांच्या कामाकडे असंच बघितलं : व्यावसायिक सिनेमाच्या आत राहून त्याच्या कणखर भाषेला पाडलेल्या फटी. करमणूक टाकून द्यायची नाही, ती आतून वापरायची, ही त्यांची भूमिका मला आजही धरून ठेवावीशी वाटते. स्टुडिओच्या अटी माहीत नसतील तर या फटी दिसतच नाहीत.

अगदी दुसऱ्या टोकाला सामूहिक निर्मिती आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज काँट्रॅक्टर यांनी १९८० साली ‘युगांतर’ हा गट उभा केला. ‘मोलकरीण’ हा त्यांचा १९८१चा माहितीपट पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटित होण्यावर आहे. १९८२चा ‘तंबाखू चाकिला ओब आली’ निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. दोन्ही मराठीत आहेत आणि डिजिटल स्वरूपात जतन झाले आहेत. पडद्यावर काय यावं हे ठरवण्यात त्या कामगार बायकांचा हात होता, त्यामुळे ‘दिग्दर्शिकेची दृष्टी’ ही कल्पनाच इथे अपुरी पडते. तसाच प्रश्न सुमित्रा भावे यांच्याबाबत येतो. समाजकार्य आणि संशोधनातून त्या सिनेमाकडे आल्या; ‘बाई’ हा १९८५चा लघुपट त्यातूनच जन्मला. पुढे ‘दोघी’ (१९९५) आणि त्यानंतरचे सिनेमे त्यांनी सुनील सुकथनकर यांच्यासोबत दिग्दर्शित केले. जोडीने केलेल्या कामातलं ‘बाईचं’ कुठलं आणि ‘पुरुषाचं’ कुठलं, हे वेगळं काढायला बसू नका. त्याऐवजी ते काम कसं वाटून घेतलं गेलं, मुलाखतींतून काय कळतं, ते नोंदवा.

६. कुठली बाई?

अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली अमेरिकी न्यायालयांतले खटले तपासून दाखवलं की कृष्णवर्णीय बाईवरचा अन्याय वंशभेदाच्या खात्यात पूर्ण मावत नाही आणि लिंगभेदाच्या खात्यातही नाही. आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित बायकांच्या जागेवरून जग बघण्याची भूमिका, मांडताना ‘बाई’ या एकसंध कल्पनेलाच प्रश्न केला. सिनेमा बघताना याचं रूपांतर साध्या प्रश्नांत करा. या सिनेमातल्या नायिकेच्या मुक्तीच्या वेळी तिच्या घरातली भांडी कोण घासतंय? त्या दुसऱ्या बाईला नाव आहे का, क्लोजअप आहे का, तिच्या घरी कॅमेरा कधी जातो का?

ज्युली डॅश यांचा १९९१चा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ या जागी पाहा. कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत रीतसर चित्रपटगृहांत लागलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. १९०२ साल, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या समुद्रबेटावरचं एक गुल्ला (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकींच्या वंशजांचा समुदाय) कुटुंब उत्तरेकडे निघण्याच्या बेतात. गुलामगिरी म्हटलं की चाबकाचे वळ दाखवायची सिनेमाची सवय. डॅश दाखवतात ते म्हातारीचे निळीच्या कामाने निळे पडलेले हात. ते हात फ्रेममध्ये कधी येतात आणि किती वेळ राहतात, याची वेगळी नोंद करा.

७. सिनेमाच उरला नसेल तर

हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. ॲलिस गी-ब्लाशे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोमों या फ्रेंच कंपनीसाठी सिनेमे करत होत्या, १९१० साली त्यांनी अमेरिकेत ‘सोलॅक्स’ ही स्वतःची कंपनी काढली, आणि तरीही त्यांचं काम इतरांच्या नावावर चढत गेलं. उतारवयात त्या हा इतिहास दुरुस्त करून घ्यायला झटत राहिल्या. भारतात फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्या ओळखल्या जातात, आणि तो सिनेमा आज बघायला मिळत नाही.

अशा वेळी जाहिराती, पुस्तिका, छायाचित्रं, सेन्सॉरची दप्तरं, वर्तमानपत्रातली परीक्षणं यावर काम करावं लागतं. परीक्षणात दिग्दर्शिकेचं नाव आहे की नाही, असल्यास कामाबद्दल लिहिलंय की रूपाबद्दल, हीसुद्धा सामग्रीच. कोलंबिया विद्यापीठाचा ‘विमेन फिल्म पायोनिअर्स प्रोजेक्ट’ मूकपटकाळातल्या बायकांवर ऑनलाइन खुला आहे; संकलक, पटकथाकार, निर्मात्या अशा सगळ्या तिथे भेटतात. तिथून सुरुवात करा. आणि जे बघितलेलं नाही त्याच्या शैलीबद्दल एक वाक्यही लिहू नका.

८. लिहायला बसताना

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी जॉन्स्टन, मग मल्व्ही, मग हुक्स, मग द लॉरेटिस. जॉन्स्टन यांचा निबंध छोटा आहे आणि तो बायकांच्या सिनेमाबद्दलच आहे, म्हणून तो पहिला. एका सिनेमासाठी दोन निबंध पुरे.

पहिला लेख हजारेक शब्दांचा, एकाच प्रसंगावर करा. दावा असा लिहा की तो खोडून काढता येईल. ‘हा सिनेमा स्त्रीच्या भावविश्वाचं हळुवार चित्रण करतो’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चिकटतं, म्हणून ते काढून टाका. ‘या प्रसंगात नवरा बोलतो तेव्हाही कॅमेरा बायकोच्या हातांवर राहतो, आणि त्यामुळे त्याची आज्ञा आपल्याला तिच्या कामातला व्यत्यय म्हणून ऐकू येते’ हे वाक्य ठेवा. सिनेमा लावून कोणीही ते तपासू शकतं. प्रत्येक दाव्यापुढे मिनिट-सेकंद टाका. ‘हळुवार’, ‘संवेदनशील’, ‘धाडसी’ ही तीन विशेषणं पहिल्या खर्ड्यातून शोधून काढा आणि त्यांच्या जागी काय दिसलं ते लिहा. बायकांच्या कामावर ती इतकी वर्षं चिकटवली गेली आहेत की त्यांच्याखाली कारागिरी दिसेनाशी होते.

सिनेमाची फसलेली जागाही लिहा. स्त्री-दिग्दर्शकाला सांभाळून घेणं हा तिच्या कामाचा मान नव्हे. पुरुषाच्या सिनेमाला जितक्या कसोशीने तपासाल तितक्याच कसोशीने हाही तपासा.

लेख झाला की त्याच दिग्दर्शिकेचा दुसरा सिनेमा घ्या, शक्यतो तिचा कमी गाजलेला. गाजलेल्या सिनेमाबद्दल आधीच इतकं लिहिलेलं असतं की आपली नोंद आणि वाचलेलं मत यांची सरमिसळ होते. कमी गाजलेल्यावर तुमची वहीच पहिली असते.